आमच्याकडे तर उघडते!

"सर, फाइल उघडत नाही."

"आमच्याकडे तर उघडते."

महाराष्ट्रातला निम्मा बांधकाम व्यवसाय या दोन वाक्यांवर उभा आहे. उरलेला निम्मा सिमेंटवर. पहिलं वाक्य बोलणाऱ्याचा आवाज पडलेला असतो. दुसरं बोलणाऱ्याच्या आवाजात पुरणपोळी खाऊन उठलेल्या माणसाची तृप्ती असते. गेली चोवीस-पंचवीस वर्षं मी पहिल्या वाक्याच्या बाजूला आहे.

सांगलीत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, 'प्लॅन, एस्टिमेट, सुपरव्हिजन'. त्यातलं सुपरव्हिजन म्हणजे ऊन उतरल्यावर साइटवर जाऊन मिस्त्रीने मागवलेला चहा पिणं. मूळचा मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल. बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणायचा, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची आणि मिनी ड्राफ्टर सरकवत रोट्रिंगच्या पेनाने भिंती उभ्या करायच्या, हे आमचं शिक्षण. रेघ चुकली की दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची. फार खरवडलं की कागदाला भोक पडायचं, त्यामुळे माणूस विचार करून रेघ मारत असे. पावसाळ्यात कागद फुगायचा, अमोनिया प्रिंटच्या दुकानात डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती गुंडाळी पुण्याला पाठवली की पुण्याचा माणूस ती उघडायचा. म्हणजे दोरी सोडायचा. दोरी सुटली की फाइल उघडली. "आमच्याकडे तर सुटते" असं कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

२००१ साली मी कॉम्प्युटर घेतला आणि त्यात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर 'टाकून' घेतलं. 'टाकून' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण फ्रिज विकत घेतो, कपाट विकत घेतो. सॉफ्टवेअर मात्र टाकून घेतो, शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं. ते विरजण दुकानदाराने एका सीडीवरून टाकलं, जिच्यावर मार्करने नुसतं 'कॅड' लिहिलं होतं. सोबत की-जेन नावाचा इवलासा प्रोग्राम होता. तो नंबर तयार करून द्यायचा आणि देता देता टुंग-टुंग संगीत वाजवायचा. जगातल्या बाकी चोऱ्या चवड्यांवर चालत होतात. या एका चोरीला बँड होता. स्पीकर बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही आणि वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब खाली येऊन "कुणाचं लग्न?" असं विचारून गेले.

त्या विरजणावर मी वर्षानुवर्षं दही लावलं. मशीन बदललं, पण विरजण तेच. मग गेल्या दिवाळीच्या तोंडावर मदरबोर्ड गेला. विंडोज दहाची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली होती, म्हणजे तेरावं आणि वर्षश्राद्ध एकदमच. दुकानात गेलो. आता तिथे त्याच दुकानदाराचा मुलगा बसतो.

"काका, नव्या मशीनवर तुमचं ते जुनं चालणार नाही. आणि टाकून-बिकून आम्ही देत नाही आता. ओरिजिनल घ्या."

ज्याच्या वडिलांनी मला ती सीडी दिली, तो मुलगा मला नीती शिकवत होता. मी मान खाली घालून किंमत विचारली. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आकडा पाहून मी म्हणालो, "बरं, एकदाच द्यायचे ना?"

तो म्हणाला, "वर्षाला."

इथून माझी भटकंती सुरू झाली. मागणं फार मोठं नव्हतं. परवडेल असं सॉफ्टवेअर हवं, आणि लोक ज्या ज्या प्रकारच्या फाइली पाठवतात त्या उघडायला हव्यात. वधू-वर मंडळात सगळे लिहितात तसं, 'अनुरूप असावी, बाकी अपेक्षा नाही.' या 'बाकी अपेक्षा नाही'मध्ये काय काय असतं, ते जाणकारांना ठाऊक आहे.

या घराण्यातला थोरला ऑटोकॅड. तो डिसेंबर १९८२मध्ये बाजारात आला. गंमत म्हणजे ऑटोडेस्क कंपनी काढणाऱ्यांचा जीव तेव्हा दुसऱ्याच एका प्रोग्रामवर होता. ऑफिसची कामं आपोआप करणाऱ्या त्या प्रोग्रामाचंच नाव कंपनीला दिलं होतं. ड्रॉइंगचा प्रोग्राम ही माइक रिडल यांनी आधीच लिहिलेल्या 'इंटरॅक्ट'ची पुढची पायरी, पाच-सहा मालांतला एक. लाडका कुठे गेला कळलं नाही, दुसऱ्याने घर वर आणलं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरोघरी ही गोष्ट आहे.

त्याच्या फाइलीला डीडब्ल्यूजी म्हणतात आणि तिचे अवतार आहेत. २०००चा एक, मग २००४, २००७, २०१०, २०१३. साधारण दर तीन वर्षांनी नवा अवतार. नव्या अवतारातली फाइल जुन्या प्रोग्रामात उघडत नाही. मला यात धोंड्याच्या महिन्याची आठवण होते. तोही तीनेक वर्षांनी येतो, आणि आला की जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, चांदीचं काहीतरी द्यायचं. ऐपत असो-नसो, लेक त्याच्या घरात आहे. आमची लेक म्हणजे आमची ड्रॉइंगं. ती त्याच्या फाइलीत नांदतात, म्हणून दर धोंड्याला वाण द्यायचं. २०१८च्या अवतारानंतर मात्र कितीतरी वर्षं फाइल तशीच राहिली. जावई सुधारला म्हणावं, तर तसं नव्हे. ३१ जानेवारी २०१६ नंतर ऑटोकॅडचं कायमच्या मालकीचं नवं लायसन्स विकणंच बंद झालं; आता भाडं भरायचं. म्हणजे जावई दर तीन वर्षांनी यायचा थांबला, कारण तो घरजावई झाला.

माझा भाचा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तिथे भिंतसुद्धा तीन मितींत काढतात. त्याला फोन केला.

"मामा, आधी हे बघा की तुमच्याकडे येणाऱ्या फाइली कुठल्या आहेत. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडा. पहिली सहा अक्षरं वाचा."

उघडली. 'एसी१०३२' अशी अक्षरं आली आणि त्यापुढे चौकोन, टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं. गाडी बोगद्यात शिरली. डबा घेऊन आलेली बायको खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "एसीचं तिकीट? कुठे निघालात?" तिला सांगितलं, एसी१०१५ म्हणजे २०००ची फाइल, एसी१०१८ म्हणजे २००४ची, एसी१०२७ म्हणजे २०१३ची आणि ही एसी१०३२ म्हणजे २०१८ची. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा जुना प्रोग्राम स्लीपरचा. मग एसीत कसे चढू देतील?" एवढ्या थोडक्यात हा विषय मला नंतर कुणीच समजावून सांगितला नाही.

दुसरी फाइल डीएक्सएफ. हीही ऑटोकॅडच्या जन्मापासूनची, दुसऱ्या प्रोग्रामांशी देवाणघेवाण व्हावी म्हणून केलेली. ही मात्र उघड्या मनाची आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळं वाचता येतं. आधी एक शून्य, खाली लिहिलेलं 'लाइन'. मग ८, खाली लेयरचं नाव 'भिंत'. मग १०, खाली सुरुवातीचा एक्स. २०, खाली वाय. मग ११ आणि २१, खाली रेघ जिथे संपते तिथला एक्स आणि वाय. एका रेघेला एवढा पसारा. दोन खोल्यांचं घर म्हणजे हजारो ओळी. मी वाचत गेलो आणि ओळखीचं वाटू लागलं. हा तर सातबारा! सगळं लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही, कुणीही पाहू शकतो, आणि पाहून कुणालाही काही कळत नाही. डीडब्ल्यूजी म्हणजे बँकेतलं लॉकर आणि डीएक्सएफ म्हणजे सातबारा, एवढं लक्षात ठेवलं तर या धंद्यात माणूस फसत नाही. निदान कशात फसला ते कळतं.

मग मी स्वस्त मालाच्या बाजारात उतरलो. तिथे पाहावं तर जग लोटलेलं. बेल्जियमचं ब्रिक्सकॅड, चीनची झेडडब्ल्यूकॅड आणि जीस्टारकॅड, इटलीचं प्रोजेकॅड, रशियाचं नॅनोकॅड. दिसायला सगळी सख्खी भावंडं. काळी पाटी, खाली कमांडची ओळ, 'एल' दाबलं की रेघ. यातली काही अजून एकदाच पैसे घेऊन कायमची मिळतात, हे वाचल्यावर मला त्या देशांबद्दल बंधुभाव वाटू लागला.

पण ही सगळी त्या लॉकरची किल्ली आणतात कुठून? त्याची गोष्ट अशी की १९९८मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली, आज तिला ओपन डिझाइन अलायन्स म्हणतात. त्यांनी डीडब्ल्यूजी आतून कशी रचली आहे ते उलगडलं आणि ती वाचणारं-लिहिणारं कोड सभासदांना वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. बाजारातले बरेचसे पर्याय त्या कोडवर चालतात. खानावळी वेगळ्या, आचारी एकच. म्हणून एका स्वस्त प्रोग्रामात जी फाइल बिघडते, ती दुसऱ्या स्वस्त प्रोग्रामात पुष्कळदा तशीच बिघडते, आणि आपल्याला वाटतं दोघांनी साक्ष दिली म्हणजे दोष फाइलीतच.

थोरल्या घराला हे रुचलं नाही. ऑटोडेस्कच्या प्रोग्रामांनी फाइल सेव्ह करताना आत एक खूण ठेवायला सुरुवात केली, ही आमच्याच घरची आणि भरवशाची, अशा अर्थाची. ती नसेल तर ऑटोकॅडमध्ये उघडताना सूचना येते की ही फाइल परक्या प्रोग्रामाने सेव्ह केलेली आहे. संघटनेच्या कोडनेही तशीच खूण उमटवली, तेव्हा २००६मध्ये ऑटोडेस्कने दावा लावला. २००७मध्ये तडजोड झाली आणि संघटनेने ती खूण काढून टाकली. शहाण्णव कुळींच्या यादीत आपलं आडनाव घुसवायला जावं आणि कोर्टकचेरी व्हावी, हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असा माझा समज होता. तो गेला. सूचनेच्या चौकटीत पुढे जाण्याचं बटण असतं. दाबलं की परक्या घरची फाइलही पंगतीला बसते.

याहून स्वस्त म्हणजे फुकट. आमच्या पिढीला फुकट शब्दाची भीती वाटत नाही, पण अनुभव आहे. ड्राफ्टसाइट हे दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीचं सॉफ्टवेअर कितीतरी वर्षं फुकट मिळायचं. २०१९मध्ये फुकट देणं बंद झालं आणि आधी घेतलेली फुकट आवृत्तीही ३१ डिसेंबर २०१९नंतर चालेनाशी झाली. नवीन वर्षाच्या शुभेच्छा कितीतरी ऑफिसांत अशा पोचल्या असतील. पाहुणचार आणि गिऱ्हाइकी यांतला फरक कळायला कधीकधी आठ वर्षं लागतात.

खरंखुरं मुक्त म्हणजे लिबरकॅड. ते क्यूकॅडच्या मुक्त आवृत्तीतून फुटून निघालं. पाळण्यातलं नाव कॅडुंटू, शाळेत घालताना लिबरकॅड केलं. दुसरं फ्रीकॅड. त्याची पहिली आवृत्ती २००२ची आणि १.० हा आकडा लागला नोव्हेंबर २०२४मध्ये. बावीस वर्षं. आमच्या जिल्ह्यातल्या उपसा सिंचन योजनांना हे वाचून बरं वाटावं. पण इथे लॉकरची अडचण आहे. लिबरकॅड डीएक्सएफमध्ये सेव्ह करतं, डीडब्ल्यूजीत नाही. क्यूकॅडमध्ये डीडब्ल्यूजी पैसे भरल्यावर. फ्रीकॅडला डीडब्ल्यूजी हवी असेल तर आधी वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो; ओपन डिझाइन अलायन्सचा तो मिळतो. म्हणजे फाइल आली की आधी कन्व्हर्टरमध्ये घालायची, डीएक्सएफ काढायची, काम करायचं, पुन्हा घालायची, डीडब्ल्यूजी काढायची. गहू दळून आणायचा, पोळ्या करायच्या आणि जाताना पाहुण्याने गहूच परत मागायचा.

तरी मी महिनाभर फुकटावर काढला. माझी बोटं जुनी. डोक्याला न विचारता ती काम करतात. माझ्या कीबोर्डावर एफ-३ आणि एफ-८ची अक्षरं पुसून गेली आहेत आणि स्पेसबारला अंगठ्याएवढा खळगा पडलाय. नव्या प्रोग्रामात त्याच बटणांनी भलतीच कामं व्हायची. कोपरा कापायला जावं तर भिंत फिरायची. पंचवीस वर्षं एकाच घरात नांदलेल्या बाईला नव्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडू नये, तशी माझी गत.

आणि मग मराठी. तासगावकडचे एक बेदाणेवाले तात्या माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या शेतातल्या बंगल्याचा प्लॅन मी करत होतो. तात्यांना प्लॅनवर इंग्रजी चालत नाही. 'बेडरूम' लिहिलं तर म्हणतात, "आजारी कोण हाय?" म्हणून मी सगळं मराठीत लिहितो. जुन्या फाइलींतलं मराठी जुन्या फॉन्टमधलं. तो फॉन्ट नसेल तर 'देवघर'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून या वेळी नव्या पद्धतीने, युनिकोडमध्ये टाइप केलं. एका फुकट प्रोग्रामाने अक्षरं दाखवली खरी, पण वेलांटी कुठे द्यायची याबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं. टाइप केलेल्या क्रमानेच तो अक्षरं मांडायचा. ऱ्हस्व वेलांटी लिहितात अक्षराच्या आधी आणि टाइप करतात नंतर, हे त्याच्या गावी नव्हतं. त्यामुळे 'विहीर'मधल्या 'वि'ची वेलांटी 'व' सोडून पुढच्या 'ह'च्या दारात जाऊन उभी राहिली.

तात्यांनी चष्मा वर करून प्रिंट डोळ्यांजवळ धरली. ईशान्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"सायेब, सगळं बेस हाय. पर हितं कोपऱ्यात एकट्या वहिनी कशापायी?"

त्यांच्या घरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. मी पुढे सरसावून पेनाने वेलांटी जागेवर नेली. रोट्रिंगच्या काळात हे झालं नसतं. तेव्हा चूक माझी असायची.

तात्यांच्या या एका घरासाठी माझ्याकडे आलेल्या फाइली मोजल्या. तात्यांचं स्वतःचं डिझाइन कालनिर्णयाच्या पाठीवर बॉलपेनाने काढलेलं, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात अंगठा आणि चहाच्या कपाचं वर्तुळ, जे मी आधी पाण्याची टाकी समजलो. जमिनीचा नकाशा पीडीएफमध्ये, मापं मीटरमध्ये. तात्यांच्या तोंडी गुंठे, मिस्त्रीच्या तोंडी फूट. पुण्याच्या आर्किटेक्टबाईंचं एलेव्हेशन २०१८च्या डीडब्ल्यूजीत. ती उघडली, पण पाटी कोरी. आत त्यांनी दुसऱ्या फाइलींचे फक्त संदर्भ जोडले होते, त्याला एक्सरेफ म्हणतात, आणि मूळ फाइली पाठवायच्या राहिल्या होत्या. कोऱ्या पाटीवर फक्त पत्ता होता: डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर, फायनल, फायनल दोन, खरंच फायनल. फोन केला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर उघडते." उघडणारच; डी ड्राइव्ह त्यांच्याकडे आहे. आम्हाला लग्नाची पत्रिका आली, पण कार्यालय त्यांच्या कपाटात.

भाच्याने हौसेने बंगल्याचं तीन मितींतलं मॉडेल करून पाठवलं, ते रेव्हिटमध्ये. त्याची तऱ्हा आणखी निराळी. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीसाठी सेव्ह करताच येत नाही. ती मागे फिरतच नाही, रुसलेल्या आत्येसारखी. एका कॉलेजकुमाराने फर्निचरचे नमुने दिले. त्यातलं एक डायनिंग टेबल मी उचलून आपल्या प्लॅनमध्ये ठेवलं, आणि प्रिंट काढली तर कागदाच्या चारी कडांना 'ही शैक्षणिक आवृत्तीत तयार झालेली आहे' असा इंग्रजी शिक्का. एका टेबलाने अख्खा बंगला बाटवला. आमच्या आजीने ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, "मग सोवळं काय वेगळं होतं?"

पण खरा धडा दिला जाळीने. तात्यांच्या देवघराच्या खिडकीला लेझरने कापलेली पत्र्याची जाळी बसवायची होती, चार फूट बाय तीन फूट, मधे द्राक्षाचा वेल. कुपवाड एमआयडीसीतल्या कटिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "डीएक्सएफ द्या. आर-१२ मध्ये."

आर-१२ म्हणजे ऑटोकॅडची १९९२ची आवृत्ती. मशीन गेल्या वर्षीचं, बोली १९९२ची. त्यात नवल नाही. आपण व्हॉट्सअ‍ॅपवरही 'तीर्थस्वरूप' लिहितोच. आर-१२ सगळ्यांना कळते, कारण तिला फारसं काही येत नाही. वेलाची वळणदार रेघ ती बारीक सरळ तुकड्यांत मोडते, पण कुठल्याही मशीनला समजेल असं बोलते. तिला आणखी एक गोष्ट येत नाही. मापं इंचांत आहेत की मिलिमीटरमध्ये, हे ती सांगत नाही. फक्त आकडा सांगते. मी जाळी इंचांत काढली होती: ४८ बाय ३६. मशीनला लहानपणापासून मिलिमीटर शिकवलेले.

तिसऱ्या दिवशी कटिंगवाल्याच्या पोराने माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. मला वाटलं प्रसाद. उघडली. आत जाळी होती. ४८ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटर, कॅरमच्या स्ट्रायकरहून जराशी मोठी. द्राक्षांचे घड वितळून भाकरीवरच्या डागांसारखे दिसत होते.

"अरे, खिडकीला एवढी जाळी लावतं का कुणी?"

"सर, फाइल दिली तशी कापली. आमच्याकडे तर उघडली."

पोराचं काही चुकलं नव्हतं. फाइल उघडली होतीच. मला तेव्हा कळलं की मी इतके दिवस चुकीचा प्रश्न घेऊन हिंडत होतो. उघडते का, एवढंच विचारत होतो. उघडल्यावर काय निघतं, हे विचारायला हवं होतं. रेघ मारायला पैसे लागत नाहीत. फुकट प्रोग्रामही सरळ रेघ मारतो, आणि माझ्या मते फुकटचा असून जास्तच सरळ मारतो. आपण पैसे मोजतो ते दुसऱ्याने मारलेली रेघ दुसऱ्याने मारली तशी दिसावी म्हणून. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची किंमत आपल्या कामावर ठरत नाही. आपल्याला फाइली कोण पाठवतो, यावर ठरते. ज्याचं कामकाज एकट्याचं, त्याला लिबरकॅड पुरे. ज्याला पुण्याच्या बाई, कुपवाडचं मशीन आणि हौशी भाचा आहे, त्याने खिशात हात घालावा.

मग मी शहाण्यासारखा वागलो. आमच्याकडे म्हैस घेताना शिंगं बघत नाहीत, दोन वेळा स्वतः धार काढून बघतात. सॉफ्टवेअरवाले महिनाभर वापरून बघू देतात, ती धारच. तीन प्रोग्राम उतरवले आणि त्यांना माझ्याकडच्या सगळ्यात वाईट फाइली खाऊ घातल्या: बाईंची संदर्भवाली, जुन्या फॉन्टची, तात्यांच्या विहिरीची, आणि एक २००४ सालची, जी मीच केली होती आणि मलाच कळत नव्हती. उघडून बघितल्या, तिथेच न थांबता सेव्ह करून पुन्हा उघडल्या. हॅच पळतो का, तुटक रेघेची अखंड होते का, प्रिंटला रेघांची जाडी टिकते का, हे पट्टी लावून मोजलं. एकीने लाथ मारली. दुसरी आटलेली निघाली. तिसरी ठीक. परदेशी आहे, पण एकरकमी दिली. बिल फ्रेम करून लावावंसं वाटत होतं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं संगीत वाजत नाही, एवढीच काय ती उणीव.

घर मिस्त्रीने बांधायला घेतलं, तेव्हा मी ए-१ आकाराची स्वच्छ प्रिंट घेऊन साइटवर गेलो. त्याने ती आदराने घेतली, घडी घातली, खिशात ठेवली आणि मोबाइल काढला. त्यात माझ्या प्लॅनचा तात्यांनी पाठवलेला फोटो होता, अंगठ्यासकट. मग दोरी लावली, गुण्या धरला आणि फक्कीने जमिनीवर घर आखलं. कर्ण मोजले, दोन्ही सारखे. त्या फाइलीची आवृत्ती मी विचारली नाही.

गेल्या आठवड्यात जतहून एका पोराचा फोन आला. नवीनच डिप्लोमा झालाय, जुनं मशीन घेऊन ऑफिस काढलंय. तात्यांच्या मेहुण्यांचं घर तो करतोय, म्हणून मी त्याला नमुन्यादाखल प्लॅन पाठवला होता.

"सर, फाइल उघडत नाही."

"आमच्याकडे तर उघडते," मी म्हणालो.

आणि तो आवाज मी ओळखला. पुरणपोळी खाऊन उठलेला. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्याला आता ती जाळी अडकवलेली असते. ती बोटाला जराशी टोचली.

"थांब," म्हटलं, "जुन्यात करून पाठवतो." फोन ठेवला. सेव्ह अ‍ॅज उघडून खाली खाली जात २०००वर थांबलो, एसी१०१५. संदर्भाच्या फाइली एकत्र बांधल्या. फॉन्टसुद्धा सोबत दिला. वर एक पीडीएफ जोडली. मजकुरात पहिलीच ओळ लिहिली, 'सर्व मापे इंचांत आहेत.' खाली जाड रेघ मारली. एवढं तर लेकीची पाठवणी करतानाही कुणी बांधून देत नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

"सर, उघडली! खूप आभार. सगळं नीट दिसतंय. एकच विचारायचं होतं. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या ह्या वहिनी कोण?"